मांडीची नस मनगटात लावली, मग बोटं अजून सुन्न का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात फुटलेल्या काचेत गेला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला सगळं फाटलं. कातडी गेली, दोन टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) तुटले, नस पण तुटली. मांडीचं मांस काढून तिथे लावलं आणि मांडीतलीच एक नस काढून मधल्या ६ सेंटीमीटरच्या गॅपमध्ये जोडली. आता तीन महिने झाले, जखम मस्त भरलीये पण अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला काहीच कळत नाही, लावलेला भाग पावासारखा फुगलाय आणि वर मांडी पण बाहेरून बधिर. घरात सगळे म्हणतात ऑपरेशन फेल गेलं. मांडीची नस हाताला चालत नाही का?

उत्तर : ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी फेल वगैरे म्हणायची वेळच आलेली नाही. आधी त्या 'नस' शब्दाचा घोळ मिटवू, कारण आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या नर्व्हलाही नसच म्हणतो, आणि अर्धी भीती तिथूनच येते. तुमच्या भावाला मांडीतून दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्यात. एक म्हणजे फ्लॅप, कातडी आणि खालची चरबी, स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट उचललेली, आणि त्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने मनगटाच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या. मांडीचा हा फ्लॅप १९८४ मध्ये चीनच्या सर्जन लोकांनी पहिल्यांदा मांडला आणि आज जगभर वापरतात, कारण रक्तवाहिनी लांब मिळते, कातडी भरपूर मिळते, आणि पट्टी साधारण ८ सेंटीमीटरपेक्षा अरुंद असेल तर मांडी बहुतेक वेळा सरळ टाके घालून बंद होते. साधी पातळ कातडी का नाही लावली असं बरेच जण विचारतात, तर उघड्या पडलेल्या टेंडनवर ती धड धरत नाही आणि धरलीच तर टेंडनला चिकटून बसते, मग मूठ वळत नाही. टेंडनला सरकायला खाली मऊ गादी लागते, म्हणून तो 'पाव'.

आता दुसरी गोष्ट, नर्व्ह. इथे बहुतेकांना वाटतं की वायर तुटली, मधे नवीन वायर टाकली, आता बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे. तसं नसतं हो. लावलेल्या नर्व्हमधले जुने धागे मरूनच जातात, मरायलाच पाहिजेत, उरतात त्या फक्त रिकाम्या नळ्या. मनगटाच्या वरच्या बाजूला भावाची स्वतःची नर्व्ह शाबूत आहे ना, तिच्यातून नवे कोंब फुटतात आणि त्या नळ्यांतून पुढे सरकतात. म्हणजे मांडीची नर्व्ह हाताला 'चालवायची' नसतेच, तिने फक्त रस्ता द्यायचाय. मांडीच्या बाहेरच्या बाजूची ही नर्व्ह फक्त कातडीचा स्पर्श कळवते, ती काढल्याने पाय हलायचा थांबत नाही, फक्त तळहाताएवढा पट्टा बधिर राहतो, तो काळाने थोडा आक्रसतो पण पूर्ण जाईलच असं नाही. हे ऑपरेशनच्या आधी नीट सांगायला हवं होतं, नसेल सांगितलं तर ती आमच्या लोकांची चूक.

आता हिशोब करा. नवे कोंब साधारण दिवसाला १ मिलीमीटर वाढतात, आणि सुरुवातीचे तीन-चार आठवडे तर तयारीतच जातात. म्हणजे तीन महिन्यांत झाले ६ सेंटीमीटर, तुमचा गॅप जेमतेम पार झाला! तिथून बोटाच्या टोकापर्यंत अजून १७-१८ सेंटीमीटर, म्हणजे आणखी सहा महिने, आणि दोन्ही जोडांवर थोडा खोळंबा होतो तो वेगळा. बोटं आज सुन्न असणारच.

घरी एक करून बघा. मनगटाच्या वरून तळहाताकडे बोटाने हलकेच टकटक करत या, एका ठिकाणी बोटांकडे करंट गेल्यासारख्या झिणझिण्या येतील. तो पॉइंट पेनाने मार्क करा, तारीख लिहा, महिन्याने परत बघा. पॉइंट पुढे सरकत असेल तर नर्व्ह वाढतेय. दोन-तीन महिने एकाच जागी अडकला तर मात्र सर्जनला दाखवा, थांबू नका, कारण अंगठ्याच्या बुडाशी जे छोटे स्नायू आहेत ते नर्व्हची वाट साधारण वर्ष-दीड वर्षच बघतात, त्यानंतर नर्व्ह पोचली तरी त्यांना जाग येत नाही. तसं झालंच तर दुसरं चांगलं टेंडन वळवून अंगठा बोटांसमोर आणता येतो, तो रस्ता बंद नाही.

स्पर्श आला तरी आधी चुकीचा येईल, तर्जनीला हात लावला तर मधल्या बोटाला लावल्यासारखं वाटेल, खरखरीत कापड टोचेल. डोळे मिटून नाणं, किल्ली, बटण ओळखायची प्रॅक्टिस तेव्हा सुरू करायची, फिजिओ शिकवतील, आणि अगदी आधीसारखंच होईल असं मी लिहून देणार नाही, मोठ्या माणसात सहसा थोडी कसर राहते. तोपर्यंत गरम कप उजव्या हाताने धरायचा नाही. माझ्या एका पेशंटला बोट भाजल्याचं कळलं ते फोड आल्यावर.

फुगीरपणाची घाई नको, साधारण सहा महिन्यांनी सूज बसली की चरबी काढून भाग पातळ करता येतो. त्यावर वजन कमी-जास्त झालेलं पण दिसतं बरं का, चरबी मांडीचीच आहे, हातावर आली म्हणून सवय सोडत नाही.

प्रश्न : फ्लॅपचं ऑपरेशन ठरलंय, दिवसाला पाच-सहा सिगरेटी होतात, एवढ्याने काय होतं?

उत्तर : जोडायची रक्तवाहिनी दोन-तीन मिलीमीटरची, आणि निकोटिनने ती आवळते. आजच बंद करा आणि ओढता हे सर्जनपासून लपवू नका. पहिले दोन-तीन दिवस नर्स तासातासाला रंग आणि गरमपणा बघायला उठवेल, चिडू नका, फ्लॅप निळा किंवा पांढरा पडला तर त्याच तासात परत आत घेतलं तर तो वाचू शकतो.