आमच्या युनिटमधले निम्मे कामगार पन्नाशीपुढचे झालेत, नवीन पोरं टिकत नाहीत. मालकानं काय बदल करावेत?

वय झालेला कामगार आपली अडचण तुम्हाला सांगणार नाही, ती तुम्हालाच हुडकावी लागेल. मला हे उशिरा कळलं.

बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, आलेल्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) लेथवर टर्निंग-बोरिंग करतो, म्हणजे ते बाहेरून-आतून कातून मापात आणतो. वडिलांच्या वेळचे एक टर्नर अजून कामावर आहेत. पगार मी देत असलो तरी त्यांना मामाच म्हणतो. एका पावसाळ्यात त्यांच्या लेथवरचे बोअर, म्हणजे आतली भोकं, मापापेक्षा मोठे जायला लागले. मी टूल बदललं, मशीन तपासलं, आणि खोटं कशाला बोलू, एकदा आवाजही चढवला. शेवटी डबा खाताना शेजारच्या लेथवाल्यानं सांगितलं की मामांना मायक्रोमीटरच्या, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनाच्या, रेघा दिसत नाहीत. विचारलं तर मामा म्हणाले, "दिसंना झालंय म्हणून सांगितलं तर घरी बसवशील की रे."

चाळशीचं नावच चाळिशीवरून पडलंय, आणि मी पंचावन्नाच्या माणसाकडून मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचून घेत होतो! डिजिटल मायक्रोमीटर आणला, लेथवर चांगला दिवा लावला, ड्रॉइंग दुप्पट आकारात काढलं. रिजेक्शन थांबलं.

जर्मनीत डिंगॉल्फिंगच्या कारखान्यात बीएमडब्ल्यूनं २००७ साली एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वयाची माणसं ठेवली. त्यांनाच विचारून लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, भिंगं असे ७० बारीकसारीक बदल केले. वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. त्यांच्यासारखा पैसा आपल्याकडे नाही, पण विचारायला पैसे लागत नाहीत.

जड कास्टिंग उचलायला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लावा, पन्नाशीपुढच्यांची रात्रपाळी काढा. एक चूक मात्र करू नका. मी मान द्यायचा म्हणून मामांना लेथवरून काढून सुपरवायझर केलं होतं. ओव्हरटाइम गेला, हात रिकामे राहिले, माणूस महिनाभर घुम्यासारखा वागला. परत लेथ दिला.

आता शिकवण्याचं. पीस रेट, म्हणजे नगावर मजुरी, असेल तर जुना माणूस पोराला शिकवणार नाही, शिकवताना त्याचेच पीस बुडतात. म्हणून आठवड्यातले दोन दिवस मामांना दिवसाची सरासरी मजुरी देतो, पीस मोजत नाही. फाउंड्रीत तर हे जास्तच लागू. वाळू मुठीत दाबून, मोडून बघून ओल ओळखणारा मोल्डर (वाळूचे साचे करणारा) गेला की ते ज्ञान रजिस्टरमध्ये सापडत नाही.

निवृत्तीनंतर परत बोलवायचं असेल तर आधी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, हातात द्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० असेल तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २५ वर्षांचे २,२५,००० होतात. ती अडकवून ठेवली तर तो माणूस परत येईलही, पण मन लावून काम करणार नाही. पीएफची पेन्शन ५८ ला सुरू होते, ६० पर्यंत थांबलं तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, हेही बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि जे कायमचे घरी जातात, त्यांची किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये (कामगार विमा योजनेत) भरली असतील तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोचे उपचार चालू राहतात. फॉर्म भरायला आपल्या ऑफिसातल्या पोराला सोबत पाठवा, त्यांना एकट्याला खेटे घालायला लावू नका.