सेमी-ऑटोमॅटिक रायफल दर तीन-चार राउंडला अडकते. बॅरल आरशासारखी स्वच्छ आहे. साफसफाईत काय चुकतंय, आणि तेल कोणतं वापरू?

बॅरल स्वच्छ असूनही अडकते ना? मग बॅरलचा पिच्छा सोडा आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, बघा.

मी आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. सुरुवातीच्या काळात आमच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, ईशापूर कारखान्याच्या ७.६२ एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफली) होत्या. एका फायरिंगला एका पोराची रायफल तिसऱ्या-चौथ्या राउंडला, म्हणजे गोळीला, थांबायची. तो कॉकिंग हँडल ओढायचा, राउंड बाहेर पडायचा, पुन्हा दोन-तीन फायर, पुन्हा बंद. उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, जागेवर निकाल दिला, ‘रायफल गंदी है!’ पोराला मागे बसवून पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधून बॅरलमधून ओढायची दोरी, मारायला लावला. चिंदी पांढरीशुभ्र बाहेर यायला लागली तरी रायफल अडतच होती. मग हुकूम आला, गॅस वाढव, म्हणजे गोळी सुटल्यावर ब्लॉकला मागे ढकलणारा दारूचा वायू. हा गॅस कमीजास्त करणारा रेग्युलेटर आवळला, ब्रीच ब्लॉक (बॅरल मागून बंद करणारा, मागेपुढे सरकणारा लोखंडी ठोकळा) धाडधाड मागे आपटायला लागला, केस, म्हणजे रिकाम्या पितळी पुंगळ्या, लांब उडायला लागल्या. अडणं तसंच.

मी पुढे होऊन म्हणालो, हँडल ओढू नका, आधी आत बघू द्या. तोवर कुणी आत बघितलंच नव्हतं. राउंडचं टोक चेंबरच्या, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेच्या, तोंडाखाली रुतलेलं, बूड मॅगझिनमध्येच. म्हणजे रिकामी केस बाहेर गेली होती, ब्लॉक पूर्ण मागे जाऊन आला होता. गॅसने त्याचं काम केलं होतं. त्याच्या मॅगझिनवर खडूने १ लिहिलं, शेजारच्याच्या मॅगझिनवर २, आणि अदलाबदल केली. आता शेजारची रायफल अडायला लागली. १ नंबरच्या मॅगझिनचा डावा ओठ, म्हणजे राउंड दाबून धरणारी पत्र्याची कड, जराशी आत दबली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, अंगठा फिरवल्यावर कळलं.

उस्ताद म्हणाले, योगायोग. पोराला संध्याकाळी पिठ्ठू, म्हणजे पाठीवर वजन घेऊन पळायची शिक्षा, लागलाच. त्याचा काडीचा दोष नव्हता. हे मी तेव्हा तोंडावर बोललो होतो, आजही तेच म्हणेन. रायफल अडली की जवानाला घासायला बसवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

तुम्हीही तेच करा. मॅगझिनवर नंबर टाका, बदलून बघा. दोष मॅगझिनबरोबर फिरला तर ओठ, स्प्रिंग नाहीतर आत साठलेली माती. दोष रायफलीतच राहिला, तर कशी अडते ते बघा. रिकामी केस बाहेर पडायच्या दारात उभी अडकत असेल तर ब्लॉक पुरता मागे जात नाही, नाहीतर एक्स्ट्रॅक्टर-इजेक्टरची, म्हणजे केस ओढून बाहेर फेकणाऱ्या भागांची, खोड आहे. ब्लॉक रिकामाच पुढे येऊन खालचा राउंड तसाच राहत असेल, तर मॅगझिनची स्प्रिंग थकलीय किंवा गॅस कमी पडतोय. ब्लॉक जवळजवळ बंद होऊन थोडक्यात राहत असेल तर चेंबर घाण आहे, आणि चेंबर हा बॅरलपेक्षा रुंद असल्यामुळे बॅरलची चिंदी त्याच्या भिंतींना नीट लागतच नाही. त्याला वेगळा ब्रश लागतो. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली काजळी घट्ट बसते, ती टोकदार काडीने काढा.

तेलाचं विचारलंत. कोणतंही चांगलं रायफल तेल चालेल, पण लोक ओततात फार. ब्लॉक जिथे घासत सरकतो तिथे पातळ थर पुरे. पिस्टनवर, म्हणजे गॅस ज्याला ढकलतो त्या दांड्यावर, तेल लावलं तर ते जळून काजळीचा दगड होतो. मॅगझिन आतून कोरडंच हवं, तेलाला धूळ चिकटते आणि राउंड वर ढकलणारा प्लॅटफॉर्म अडतो. चेंबरही कोरडा पुसा. तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला नीट धरत नाही आणि ब्लॉकवर जास्त दाब येतो.

हे आधी सांगायला हवं होतं: खोलण्यापूर्वी मॅगझिन काढा, ब्लॉक मागे घ्या, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोट घालून खात्री करा. ट्रिगर दाबूनही राउंड फुटला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, कधी कधी तो उशिरा फुटतो. दबलेला ओठ पकडीने सरळ करायला जाऊ नका, ते मॅगझिन बाजूला काढा. आणि माझा हात एसएलआरवर बसलेला आहे. तुमच्या रायफलीला गॅस रेग्युलेटर नसेलही, तेव्हा सुटे भाग खोलताना तिचंच पुस्तक समोर ठेवा.

रेग्युलेटर असेल, तर मॅगझिन बदलून बघेपर्यंत त्याला हात लावू नका.