आईच्या हातातलं नाताळचं पुस्तक

ओहायोतल्या कोलंबसहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिची आई ऑक्टोबरात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आई आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवत होती, म्हणून इथल्या शेजारच्या बाईंनी तिला मोठ्या टायपातली एक कादंबरी वाचायला दिली. पुढचं पत्रातच वाचा:

‘‘ताई, बर्फातलं खेडं, तरुण विधवा, तिची बेकरी, एक सुतार, चर्च, आणि नाताळच्या आदल्या रात्री लग्नाची मागणी. अशी सात पुस्तकं झाली. आई वाचते आणि डोळे पुसते. पोथी कपाटावर तशीच आहे. शेजारीणबाई आता तिला चर्चला बोलावतायत. खरं सांगू? भीती वाटते, आणि लाजही वाटते.’’

अगं, तुझी भीती मला कळते. परक्या मुलुखात आपलं माणूस आपल्यापासून दूर जाईल की काय, ही धास्ती आपण सगळ्याच बाळगून असतो. पण तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात, ‘आई, का रडतेस गं?’ असं तिला विचारल्याचं मला कुठेच दिसलं नाही. याबद्दल मी रागावणार आहे.

या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्यात. प्रेमकथा छापणाऱ्या हार्लेक्विन प्रकाशनाने 1997 मध्ये ‘लव्ह इन्स्पायर्ड’ नावाची खास मालिकाच काढली. त्यांत शय्यागृहाचं दार उघडत नाही. दोघांचं प्रेम जुळतं आणि सोबत देवाशी धरलेला अबोलाही सुटतो. नवरा गेल्यावर ‘माझंच का?’ म्हणून देवावर रुसलेली बाई त्यात हमखास असते. तुझी आई कुणासाठी रडतेय, हे आता सांगायला हवं का? पोथी तशीच पडलीय म्हणतेस. दोन वर्षांपूर्वीपासून तर नाही ना पडलेली? विचार तिला.

आणि हे आपल्याला परकं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, 1857 सालची. लिहिणारा ख्रिस्ती, विषय विधवांचे हाल, आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. आपल्या पणज्यांच्या काळापासून ही गोष्ट आपल्या भाषेत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर तुझ्या आईने नक्की वाचली असतील. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या माउलीने काय काय सोसलं, हे वाचून आपल्या आया रडल्याच ना? त्यांतली कुणी पुस्तक वाचून धर्म सोडला नाही.

आता माझ्या घरचं. माझी आई मिशिगनला आली होती, तेव्हा तिलाही असल्याच पुस्तकांचा नाद लागला. मी सकाळी सातला बाहेर पडायची, ती दिवसभर एकटी, पाचला अंधार. एकदा तारीख उलटली म्हणून तिच्या उशाशी असलेलं पुस्तक मी न विचारता लायब्ररीत परत केलं. ती काहीच बोलली नाही. कराडला परतल्यावर महिन्याभराने फोनवर हळूच म्हणाली, ‘‘त्या मुलीचं लग्न झालं का गं?’’ मी तेच पुस्तक पुन्हा आणलं आणि उरलेली तीन प्रकरणं रोज रात्री फोनवर वाचून दाखवली. तिसऱ्या रात्री आई पहिल्यांदा बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलली. तोवर कधीच बोलली नव्हती.

म्हणून माझं नेहमीचं सांगणं, कितीही जणींना सांगून झालं असलं तरी पुन्हा सांगते: घरातलं माणूस जे वाचतंय ते त्याच्याबरोबर मोठ्याने वाचा. रोज एक प्रकरण, जेवणं आटोपल्यावर. लाज वाटते म्हणतेस, तर आठवं पुस्तक तूच आईला वाचून दाखव. शेजारीणबाईंनी नाताळच्या आदल्या संध्याकाळी बोलावलंय ना? तूही जा. मेणबत्त्या लावतील, गाणी म्हणतील. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे करंज्या पाठव.

आणि आईच्या पुस्तकांत अमिश लोकांची, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, गावं असली, तर त्यांची वस्ती असलेली होम्स काउंटी तुझ्यापासून दोन तासांच्या आत आहे. घोड्याच्या बग्ग्या, हाताने शिवलेल्या गोधड्या, सगळं तिला दिसेल. त्यांच्यातली बरीच घरं 6 जानेवारीला जुना नाताळ पाळतात आणि त्या दिवशी दुकानं बंद ठेवतात, तेवढी तारीख टाळ. माणसांचे फोटो मात्र काढू नकोस, त्यांना ते रुचत नाही.

तुझे बाकीचे प्रश्न: मुलगा आजीला इंग्रजीत उत्तर देतो, तर त्यालाही त्या वाचनाला बसव. प्रवासी विम्यात जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत, कागद नीट बघ. नाताळचं झाड घरात लावायचं की नाही ते आईला विचार. सात पुस्तकं वाचलीत तिने, काय टांगायचं ते तिला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.