पैसे कधी लागणार, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न : घरचा पैसा

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच वळणाची आहेत. अमुक इतके पैसे आहेत, कुठे टाकू? पत्रात रक्कम असते, तारीख नसते. ते पैसे पुन्हा हातात कधी हवेत हे कळल्याशिवाय एफडी बरी की एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकणं), बँक बरी की पोस्ट, यावर बोलण्यात अर्थ नाही. नोकरीतली बरीच वर्षं मी बँकेत ठेवींच्या टेबलावर काढली. तिथे व्याजदर सगळ्यांना तोंडपाठ असायचा, पण 'हे पैसे कधी लागतील?' विचारलं की नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे. म्हणून आज मी प्रत्येकाला आधी तारखाच लिहायला लावणार आहे.

काकू, मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. हातात २४,००० येतात. सिडकोत दोघी मैत्रिणींबरोबर खोली आहे, घरी कळवणला ६,००० पाठवते. वीस तारखेनंतर खात्यात काही उरत नाही. मैत्रीण म्हणते एसआयपी चालू कर. मला मात्र गाडी हवी आहे, सेकंड शिफ्ट सुटल्यावर रिक्षा मिळत नाही. शोरूमवाला ८०,००० चं कर्ज ९ टक्के फ्लॅटने तीन वर्षांसाठी देतोय. आधी काय करू?
(एक वाचक, सिडको)

आधी गाडी, बेटा. रात्री उशिरा सुरक्षित घरी पोचणं ही तुझी आजची गरज आहे. शेअर बाजाराशी जोडलेली एसआयपी पुढची सहा-सात वर्षं ज्या पैशाला हात लावायचा नाही त्यासाठी असते, आणि असा एकही रुपया सध्या तुझ्याकडे नाही. मैत्रीण चुकीचं सांगत नाहीये, फक्त तिचा सल्ला तुला दीड-दोन वर्षांनी लागू पडेल.

पण त्या '९ टक्के फ्लॅट'वर सही करू नकोस. फ्लॅटमध्ये व्याज तिन्ही वर्षं पूर्ण ८०,००० वर लावतात, तू दर महिन्याला मुद्दल फेडत असलीस तरी. म्हणजे व्याज २१,६०० आणि हप्ता साधारण २,८२२. हाच हप्ता घटत्या शिलकेच्या हिशेबाने मांडला तर दर १६ टक्क्यांच्या वर जातो. शोरूममध्ये 'की फॅक्ट स्टेटमेंट' माग. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना असं किरकोळ कर्ज देताना ते द्यावंच लागतं, आणि ग्राहकाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो, प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाला खरा किती टक्के खर्च पडतो तो. मग ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे जाऊन दुचाकी कर्जाचा एपीआर विचार आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेव. दिवाळीचा बोनस मिळत असेल तर तोपर्यंत थांबून तो डाउन पेमेंटला लाव, कर्ज तेवढं कमी घ्यावं लागेल.

आता वीस तारखेचं. मोबाइलमधलं हिशेबाचं ॲप नको, ते आठवड्यात बंद पडतं. बँकेतून तीन महिन्यांचं स्टेटमेंट छापून आण आणि लाल पेन घेऊन बस. शंभराच्या आतल्या प्रत्येक यूपीआयवर खूण कर आणि बेरीज मार. चहा, वडापाव, रिचार्ज, मैत्रिणीचे दिलेले सुटे, यातलं काही बंद कर असं मी म्हणत नाही. ती बेरीज तुझ्या डोळ्यांनी तुला दिसली पाहिजे, इतकंच. मग दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं काढ. पगाराच्या दिवशी घरचे सहा हजार, भाडं, मेस आणि हप्ता बाजूला काढून उरलेल्याचे चार भाग कर आणि दर सोमवारी एक भाग या खात्यात टाक. यूपीआय फक्त याच खात्याला जोड. महिन्याचे पैसे एकदम समोर असले की ते एकदम जातात.

आणि पगाराची स्लिप नीट वाच. पीएफ कापला जात असेल तर तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, चालू करून घे, आणि नोकरी बदललीस तर ते पैसे काढू नकोस, नव्या कंपनीत वर्ग कर. पगार २१,००० च्या वर गेल्यावर नव्याने ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होत नाही. मग कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे का, हे एचआरला स्पष्ट विचार. नसेल तर एसआयपीच्या आधी स्वतःचा आरोग्य विमा.

ताई, आमची चार एकर द्राक्षबाग आहे. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम येतात. यंदा दुकानाची उधारी, मजुरी आणि सोसायटीचं पीककर्ज भागवून सहा लाखांच्या आसपास उरतील. दरवर्षी गणपतीपर्यंत सगळं संपतं आणि छाटणीला पुन्हा उधारी. घरात हिशेब कुणी लिहीत नाही. मी बारावी झाले आहे, मला हे शिकायचं आहे. कुठून सुरू करू?
(एक सून, निफाड तालुका)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पगारदारांसाठी लिहिलेला कुठलाच सल्ला तुम्हाला लागू पडत नाही. 'दर महिन्याला पगाराच्या वीस टक्के' हे ज्याला महिन्याला पगार येतो त्याचं गणित. तुम्हाला वर्षातून एकदा पगार मिळतो.

सुरुवात घरात कुणाला न दुखावता करा. 'हिशेब माझ्याकडे द्या' म्हणू नका. औषध दुकानाची बिलं घरात कुठेतरी पिशवीत कोंबलेली असतात, ती मागून घ्या आणि तारखेने लावा. बागेचा खर्च मनात येईल तेव्हा होत नाही, छाटणीच्या दिवसापासून मोजूनच होतो. एप्रिलची खरड छाटणी, तिच्यामागून खत आणि विरळणी. ऑक्टोबरची गोडी छाटणी, लगेच काड्यांना पेस्ट, मग फवारण्या, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी, प्रत्येक कामाला मजूर. मालक फवारणीचं वेळापत्रक भिंतीवर लावत असतील ना? तुम्ही त्याच्याच शेजारी पैशाचं लावा.

उदाहरणादाखल मांडून दाखवते, आकडे तुमचे तुम्ही घाला. घरखर्च महिना २०,००० धरला तर वर्षाचे २,४०,०००. एप्रिल छाटणीचे ५०,०००. जूनमध्ये मुलांची फी, गणवेश, ४५,०००. ऑक्टोबरपासून माल तयार होईपर्यंत २,००,०००. झाले ५,३५,०००. म्हणजे सहा लाखांतले मोकळे फक्त ६५,०००. मार्चमध्ये खात्यात सहा लाख दिसतात म्हणून घरात सगळ्यांना आपण सुस्थितीत वाटतो. त्यात एप्रिल-मेची लग्नसराई, आहेर, पाहुण्यांची हातउसनवारी. कुणाच्या घरी द्राक्षाचे पैसे आले हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणून पैसे जमा झाल्याच्या आठवड्यातच त्यांना तारखा लावायच्या. छाटणीच्या दोन लाखांची ठेव करा, सप्टेंबर अखेरीस पिकेल अशी. फीच्या पैशांची दुसरी छोटी ठेव, जूनच्या पहिल्या आठवड्यात पिकेल अशी. छोट्या मुदतीला व्याज कमी मिळतं, मिळू द्या. ही ठेव व्याजासाठी केलेलीच नाही. घरखर्चाचे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि तिथून दर एक तारखेला २०,००० तुमच्या रोजच्या खात्यात यावेत अशी बँकेला लेखी स्थायी सूचना द्या. त्याला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात, साधा फॉर्म असतो. तुमचा पगार सुरू झाला समजा. कुणी उसने मागायला आलं तर 'ठेवीत आहेत' हे खरं उत्तर तुमच्याकडे असेल. उरलेल्या ६५,००० ना अवकाळी किंवा गारपीट झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

एक पथ्य पाळा. व्यापाऱ्याने बोललेला भाव आणि दिलेला चेक भिंतीवरच्या या हिशेबात धरायचा नाही. चेक वटून खात्यात रक्कम पडली की मगच ती मांडायची.

आता उधारी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुकानदाराला एकदा दोन्ही भाव विचारा, रोखीचा आणि उधारीचा. समजा एक बाटली रोखीने १,००० ला आणि चार महिन्यांच्या उधारीने १,०८० ला मिळते. ऐंशी रुपये फार वाटत नाहीत. पण चार महिन्यांना आठ टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. इतकं व्याज देणारी ठेव कुठल्याही चांगल्या बँकेत मिळणार नाही. म्हणून ऑक्टोबरची औषधं रोखीने घेता येणं हीच तुमची पहिली गुंतवणूक. पहिल्या वर्षी सगळी जमणार नाहीत, निम्मी जमली तरी पुष्कळ.

सोसायटीच्या पीककर्जाची फेडीची तारीख सचिवांकडून लिहून घ्या. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज असतं आणि वेळेत फेडलं तर केंद्राकडून आणखी ३ टक्के सवलत मिळते. तीन लाखांवर ते वर्षाचे ९,००० रुपये होतात, आणि नुसती तारीख चुकली म्हणून ते जातात. राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, तीही वेळेत फेडणाऱ्यालाच मिळते.

शेवटचं काम तुमच्या आणि मालकांच्या खात्याचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण. पहिला अपघाताचा आहे आणि सर्पदंशही त्यात येतो, मात्र दवाखान्याचे कागद लागतात. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात शिल्लक नसली तर विमा बंद पडतो, आणि घरच्यांना ते कळतं थेट गरज पडल्यावर.

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून नुकताच निवृत्त झालो. पेन्शन आहे. फंड आणि ग्रॅच्युइटीचे २२ लाख आले. मुलीचं लग्न दीड वर्षात करायचं आहे. भाचा म्हणतो, एका पतसंस्थेत ११ टक्के मिळतात, सगळे तिथे ठेवा.
(एक वाचक, जेलरोड)

दादा, सगळे एका ठिकाणी ठेवू नका, आणि त्या ठिकाणी तर नकोच. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांच्या ठेवी, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाखच होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पावत्या हातात घेऊन वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातली बरीचशी तुमच्यासारखी, निवृत्तीचे पैसे एकदम आलेली.

लग्नाचे सहा लाख दोन वेगळ्या बँकांत तीन-तीन लाख ठेवा, लग्नाच्या दोन महिने आधी पिकतील असे. दोन लाख आजारपणासाठी, लगेच काढता येतील असे. बारा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तिथला दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर तुम्हाला पाच वर्षं राहतो. बारा लाखांवर दर तिमाहीला २४,६०० रुपये येतील. ११ टक्क्यांशी तुलना केली तर वर्षाला ३३,६०० कमी. तेवढ्यासाठी बारा लाख टांगणीला लावायचे नाहीत, हे भाच्याला शांतपणे सांगा. या योजनेतून वर्षाच्या आत पैसे काढले तर व्याज मिळत नाही, आणि नंतरही मुदतीआधी काढले तर कपात होते. म्हणून लग्नाचे पैसे तिथे टाकायचे नाहीत. उरलेले दोन लाख सहा महिने खात्यातच असू द्या. निवृत्तीनंतर घरखर्च कसा बदलतो ते आधी कळू दे.

दसऱ्याला सराफ बाजारातून थोडं सोनं घेऊन ठेवलं तर बचत होईल ना?
(एक वाचक, पंचवटी)

अंगावर घालायला हवं असेल तर आनंदाने घ्या, हॉलमार्कचा सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघून घ्या. दागिन्याला बचत म्हणू नका. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी तुम्ही घेताना भरता, मोडताना ते परत मिळत नाहीत.

माझ्या मिस्टरांच्या खात्याला लग्नाआधीपासून दिरांचं नाव नॉमिनी म्हणून आहे. काही अडचण येईल का?
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

येईल. नॉमिनी हा पैशाचा मालक नसतो, वारसांच्या वतीने ते ताब्यात घेणारा असतो. तरीही बँक पैसे त्याच्याच हाती देते आणि पुढचं सगळं घरातल्या घरात सोडवत बसावं लागतं. बदल खातेदाराच्याच सहीने होतो, तेव्हा या आठवड्यात दोघांनी मिळून शाखेत जा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. एफडी, लॉकर, पीएफ, पोस्ट आणि विमा या प्रत्येकाचं नामांकन वेगळं असतं, एकात बदललं म्हणून बाकीच्यांत बदलत नाही. फॉर्म दिल्यावर पोचपावती मागून घ्या आणि पासबुकावर नामांकनाची नोंद झाली का, ते काउंटरवरून हलण्याआधी वाचून बघा.