आधी जुना डेस्कटॉप उघडू द्या, लॅपटॉप पुढच्या वर्षी

नमस्कार भाऊ,

चोपड्याहून तुमचं पत्र मिळालं. मुलाला जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, तो मराठी माध्यमातला, कॉम्प्युटर त्याने कधी हाताळलेला नाही, आणि दुकानदार सत्तर हजारांचा लॅपटॉप सुचवतोय. केळीचे पैसे त्यात घालू का, असं विचारलंय. घरी पुतण्याचा जुना डेस्कटॉप पडून आहे, हेही लिहिलंय.

पहिल्या वर्षाला तो डेस्कटॉप पुरेल. पहिल्या वर्षी शिकायच्या सी भाषेच्या प्रोग्रामला ४ जीबी रॅम (चालू कामाची स्मृती) पुष्कळ झाली. फिरती हार्डडिस्क काढून २५६ जीबीची साटा एसएसडी लावा, म्हणजे फिरता भाग नसलेली, साटा जोडणीची डिस्क. जुनं मशीन रखडतं ते बहुतेक त्या डिस्कमुळेच. वर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट आणि सीचा प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा जीसीसी कंपायलर टाका, दोन्ही फुकट आहेत.

हे सगळं मुलालाच करू द्या. आधी प्लग काढायचा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, मगच रॅमच्या पट्टीला हात घालायचा. ती काढून तिची सोनेरी कड मऊ खोडरबराने पुसावी. बसवताना खाच जुळवून क्लिप लागेपर्यंत दाबावी. रॅमच्या पिढ्या असतात, डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही. जोर केला तर स्लॉट मोडतो.

मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किटवरचा) सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेलही बघायला सांगा. तो संपला की लाइट गेल्यावर कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि तारीख जुळत नाही म्हणून ब्राउझर चांगल्या साइटलाही ‘असुरक्षित’ म्हणतो. पोरं व्हायरस समजून विंडोज पुन्हा टाकत बसतात. दोष असतो ३ व्होल्टच्या सेलचा.

मग फॅक्टोरिअलचा, म्हणजे १ पासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा, प्रोग्राम लिहू दे. १२ ला उत्तर ४७९००१६०० येईल, बरोबर. १३ ला बहुधा १९३२०५३५०४ येईल. ते साफ चूक आहे, पण कंपायलर चकार शब्द काढणार नाही. सीमधल्या ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकाराला ३२ बिट (० किंवा १ च्या जागा) मिळतात, त्यात २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही. त्याहून मोठा ‘लाँग लाँग’ प्रकार घेतला तर २० पर्यंत निभावतं. हे का घडतं ते त्याने वहीत बायनरीत (० आणि १ मध्ये) मांडून बघावं. मराठी माध्यमाची काळजी सोडा, शब्द हाताखालून गेले की बसतात.

लॅपटॉप दुसऱ्या वर्षी घ्या: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. सध्या डेस्कटॉपला यूपीएस (लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा डबा) तेवढा जोडा. लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइल खराब होते.