वापरलेली मोटो गुझी कॅलिफोर्निया घ्यावी का? सेल्फ मारताना नुसता ‘टक’ आवाज येतो

प्रश्न: सेकंड हँड मोटो गुझी कॅलिफोर्निया ११०० बघून आलो. चालवायला फार आवडली. पण सेल्फ मारताना दोनदा नुसता ‘टक’ आवाज आला आणि तिसऱ्यांदा चालू झाली. विकणारा म्हणतो बॅटरी जुनी झालीय. इटालियन क्रूझर रोजच्या वापराला टिकते का? आणि शाफ्ट ड्राइव्ह आहे म्हणजे मेंटेनन्स कमीच ना?

उत्तर: बॅटरी जुनी असेलही, पण तुम्ही सांगताय तो आवाज बॅटरीचा नाही. ठामपणे लिहितोय, कारण याच आवाजावर एका गॅरेजने एका कॅलिफोर्नियाच्या दोन बॅटऱ्या आणि अख्खा सेल्फ बदललेला मी पाहिलाय. एवढं करून गाडी परत देताना ‘इटालियन गाड्यांचं वायरिंगच असलं’ हे वर ऐकवलं. या सगळ्यात मल्टिमीटर एकदाही बाहेर आला नव्हता. हा वाद माझा पुष्कळांशी झालाय, म्हणून हे आधी सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा आवाज नीट ओळखा. बारीक, कोरडा ‘टक’ सीटखालून येतो, तो सेल्फच्या रिलेचा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा. इंजिनाजवळून येणारा जड ‘खट्’ सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फला इंजिनात गुंतवून मुख्य करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकाचा. ‘खट्’ होऊनही इंजिन फिरत नसेल तर बॅटरी, जाड केबल किंवा सेल्फची मोटर तपासायची. तिथे बॅटरीवर संशय घेणं बरोबर आहे. (वॅलिओ कंपनीचा सेल्फ असेल तर त्याच्या आतले चिकटवलेले मॅग्नेट सुटून मोटरच्या फिरत्या भागाला, आर्मेचरला, अडकतात, हेही तेव्हा तपासा.) पण नुसता ‘टक’ येतो तेव्हा रिले लागलेला असतो आणि सोलेनॉइड हललेलाच नसतो. म्हणजे त्याला पुरेसा करंट पोचत नाही. आणि तो कुठे अडतो, हे शोधणं अवघड नाही.

सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात. एक प्लंजर (आतला लोखंडी दांडा) आत ओढणारी, दुसरी तो धरून ठेवणारी. धरून ठेवायला थोडा करंट पुरतो, पण ओढणारी कॉइल त्या क्षणभरासाठी ४० अँपिअरच्या आसपास मागते. एकदा मुख्य कॉन्टॅक्ट मिटला की तिच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि तिचं काम संपतं. सगळी अडचण त्या पहिल्या क्षणाची. या गाड्यांमध्ये रिलेला येणारा करंट बॅटरीतून थेट येत नाही. तो मागून पुढे किल्लीच्या स्विचपर्यंत जातो आणि तिथून परत मागे येतो. बारीक वायर, मध्ये कपलर, आणि किल्लीच्या स्विचमध्ये वर्षानुवर्षांचं वाळून कडक झालेलं ग्रीस. या सगळ्या वाटेचा रेझिस्टन्स मिळून ०.१ ओहम झाला, तरी ४० अँपिअरला ४ व्होल्ट वाटेतच संपतात. मग साडेबारातले साडेआठ उरतात आणि तेवढ्यावर प्लंजर हलत नाही.

नवी बॅटरी टाकली की गाडी महिनाभर सुरळीत चालते ती का, तेही यातच आलं. नवी बॅटरी दोनतीन दशांश व्होल्ट जास्त देते आणि तेवढ्यावर प्लंजर कसाबसा ओढला जातो. गॅरेजवाल्याला वाटतं रोग सापडला. गरम इंजिनाला हा त्रास जास्त होतो, कारण तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांवरून ८० अंशांवर गेलात की कॉइलचा रेझिस्टन्स सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून गाडी सकाळी एका झटक्यात चालू होते आणि पेट्रोल भरून झाल्यावर अडून बसते.

हे मोजून बघता येतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं टोक सोलेनॉइडच्या छोट्या पात्यासारख्या टर्मिनलला. बटण न दाबता मीटर साडेबारा दाखवेल, त्याने गोंधळू नका, तो आकडा कॉइलमधून दिसतोय. आता बटण दाबा. जो आकडा उरेल तितका व्होल्टेज वाटेत खाल्ला जातोय. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक, एकाच्या वर गेला तर वाट खराब. सेल्फ लागला तर आकडा लहानच दिसणार, तेव्हा गाडी अडेल त्याच वेळचं मोजमाप धरा. मीटर नसेल तर न्यूट्रलमध्ये, बॅटरीच्या प्लसवरून जाड वायरचा तुकडा थेट त्या टर्मिनलला टेकवा. इंजिन लगेच फिरलं तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष.

इलाज म्हणजे एक जादा रिले. चार पायांचा, ४० अँपिअरचा साधा ऑटोमोटिव्ह रिले घ्या. बॅटरीच्या प्लसवरून ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज, आणि ती वायर रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ वरून तेवढीच जाड वायर सोलेनॉइडच्या टर्मिनलला. सोलेनॉइडची जुनी वायर काढून ८६ ला, आणि ८५ वरून अर्थिंग थेट इंजिनाच्या बोल्टला, रंगवलेल्या फ्रेमला नको. जुन्या वायरिंगवर आता नव्या रिलेच्या कॉइलचा पाव अँपिअरच्या आतबाहेरचा भार राहतो, तो ती आरामात पेलते. थिंबल नीट दाबून बसवा आणि वरून हीट श्रिंक चढवा. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, हे विसरू नका. सोबत किल्लीचा स्विच खोलून कडक ग्रीस पुसून ताजं लावा. आणि रेग्युलेटरच्या (चार्जिंगचा व्होल्टेज सांभाळणाऱ्या डब्याच्या) बॉडीपासून इंजिनाच्या पुढच्या कव्हरपर्यंत एक वेगळी अर्थिंगची वायर टाका. त्याची अर्थिंग गंजलेल्या सांध्यांतून गेली की चार्जिंग वरखाली होतं आणि लोक पुन्हा बॅटरीलाच दोष देतात.

ज्या गाडीची गोष्ट वर लिहिली, तिला फक्त हे केलं. आता कोणी ‘इटालियन वायरिंग’ म्हणालं की मी एवढंच विचारतो, किती व्होल्ट ड्रॉप मिळाला? आकडा कोणाकडेच नसतो.

आता शाफ्टबद्दल, म्हणजे चेनऐवजी मागचं चाक फिरवणाऱ्या दांड्याबद्दल. मेंटेनन्स कमी असतो, हे अर्धवट खरं आहे. चेन ताणणं आणि तेल लावणं वाचतं. त्याच्या बदल्यात जे करायचं ते झाकलेलं असल्यामुळे कोणी करत नाही. मागच्या बेव्हल बॉक्समध्ये (शाफ्टची फिरकी चाकाला देणाऱ्या गिअरच्या डब्यात) २५० मिली तेल असतं, त्यात २३० मिली ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल आणि २० मिली मोलिब्डेनमचं अ‍ॅडिटिव्ह. पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तेच गिअर ऑइल ७५० मिली. खरी झीज होते ती स्प्लाइनची (शाफ्ट आणि हब जोडणाऱ्या दात्यांची) आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या आतल्या कॅरियर बेअरिंगची. गिअरबॉक्स आणि स्विंगआर्मच्या मध्ये रबरी बूट आहे. तो फाटला की पाणी आत जातं, बेअरिंग गंजतं आणि त्याच्या मागून युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा वाकणारा सांधा) जातो. बघायला गेलात की त्या बुटाच्या घड्या बोटांनी उघडून चिरा शोधा. मागचं चाक अधांतरी करून न्यूट्रलमध्ये हाताने सावकाश फिरवा, खरखर किंवा अडखळ जाणवली तर स्विंगआर्म उतरवावाच लागणार. टायर बदलायला चाक निघालंच, तर हबच्या दात्यांना मोलिब्डेनमचं ग्रीस लावूनच परत बसवा. दाते तलवारीच्या धारेसारखे निमुळते दिसले तर कोणत्याही ग्रीसने ते परत येत नाहीत.

क्लच मोटारीसारखा कोरडा आहे, तेलात बुडालेला नाही. सिग्नलला न्यूट्रल करा, अर्धा क्लच धरून रांगत राहू नका. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याच्या तळाशी तेल गळत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, तो नसेल तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील. दोन्हींत तेल प्लेटवर जातं. चाचणी सोपी: पाचव्या गिअरला, ३,००० आरपीएमच्या आसपास एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम वाढून वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. त्यासाठी गिअरबॉक्स काढावा लागतो. फ्रेम मोटो गुझीचे इंजिनिअर लिनो टोंटी यांनी १९७१ च्या व्ही७ स्पोर्टसाठी केली, तिचे खालचे दोन पाइप बोल्ट काढून सुटे होतात आणि फ्रेम इंजिनावरून वर उचलता येते. काम मोठं असतं, पण जागा मिळते.

तेल बदलताना फिल्टर सापडत नाही म्हणून अनेकजण तो बदलतच नाहीत. तो संपच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या डब्याच्या, आत आहे. जुन्या गाड्यांत अख्खा संप उतरवावा लागतो, नंतरच्या काहींत तळाला झाकण दिलंय. आत असल्यामुळे फिल्टर ढिला होऊन सुटला तर बाहेर थेंबही दिसत नाही, फक्त ऑइल प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातात. म्हणून फिल्टरवर एक होज क्लिप आवळा आणि तिचा स्क्रू अशा जागी ठेवा, की फिल्टर उलटा फिरू लागला तर स्क्रू आतल्या कास्टिंगला अडेल.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचं अंतर जुळवणं, मात्र या गाडीचं सुख आहे. दोन्ही हेड गुडघ्यांपुढे बाहेर आलेले असतात. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा, टॉप गिअर टाकून मागचं चाक फिरवा, प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची नळी धरून पिस्टन वर आल्याची खूण बघा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) सैल असतील तीच कॉम्प्रेशनची टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा. अंतर मॉडेलप्रमाणे ०.१० ते ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्टला इनटेकपेक्षा ०.०५ जास्त. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर फिलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून बघा. टॅपेट कुरकुरताना ऐकू येणं चांगलं. एकदम गप्प झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर असतो.

चालवताना दोन गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. क्रँक गाडीच्या लांबीत असल्यामुळे उभ्या गाडीला थ्रॉटल दिला की ती उजवीकडे डोलते, हा बिघाड नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. थ्रॉटल दिला की शाफ्टच्या रेट्याने मागची बाजू उचलली जाते आणि सोडला की बसते. वळणात घाबरून थ्रॉटल एकदम सोडलात तर गाडी खाली बसते आणि फूटबोर्ड जमिनीला घासतो, नेमका जेव्हा जागा हवी तेव्हा. वेग वळणाआधी कमी करा आणि आत हलका थ्रॉटल धरून ठेवा.

ब्रेकही वेगळे आहेत. पायाचा ब्रेक मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकदम धरतो, हँडलचा लिव्हर फक्त पुढची उजवी. पेडल स्पंजसारखं लागलं तर हवा बहुधा पुढच्या डाव्या कॅलिपरच्या लाइनमध्ये अडकलेली असते, नुसतं मागचं ब्लीड करून ती निघत नाही. ही जोडणी तोडून साधे ब्रेक केलेली गाडी दिसली तर मी घेणार नाही. सरळ रेषेत जोरात थांबायला याच्याइतकी भरवशाची व्यवस्था त्या काळातल्या क्रूझरमध्ये क्वचितच होती.

हे सगळं १९९७ पासूनच्या १,०६४ सीसीच्या ‘ईव्ही’ या ११०० च्या मॉडेलबद्दल आणि तिच्या कुटुंबाबद्दल आहे. मधल्या काही वर्षांत हायड्रॉलिक टॅपेटच्या गाड्याही आल्या, त्यांना फिलर गेजचं काम नाही. कॅलिफोर्निया १४०० ही वेगळीच गाडी, १,३८० सीसी, हेडला चार व्हॉल्व्ह, वजन ३०० किलोच्या वर, रबरावर बसवलेलं इंजिन. तिला वरचे तेलाचे आकडे लावू नका. आणि इटालियन क्रूझर म्हणून कोणी दोन सिलिंडरची डुकाटी डायवेल सुचवली, तर तिच्या डेस्मो हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडायचं आणि मिटायचं, दोन्ही अंतरं शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवावी लागतात, ते अंगणात बसून होणारं काम नाही.

तुमची गाडी रोजच्या वापराला टिकेल, बूट शाबूत असेल आणि क्लच घसरत नसेल तर. परत बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा, आधी अर्धा तास चालवून इंजिन तापवून ठेव. मीटर आणि वायरचा तुकडा खिशात ठेवा, आणि तो ‘टक’ ऐकू आला की त्याच्यासमोरच मोजा.