पेशी गळते, आत्महत्या करीत नाही
मोर्शी तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, शरीरात ‘आत्महत्या केलेल्या’ पेशी प्रतिकारसंस्थेच्या पेशी गिळून टाकतात, त्या क्रियेला मराठीत ‘पेशीभक्षण’ म्हणावे की ‘पेशीसफाई’. बाई, माझे लक्ष त्या ‘आत्महत्या’ शब्दावरच अडकले. आरोग्यविषयक लेखांतून तो सर्रास वाचावा लागतो. आपल्या मुलखात हा शब्द उच्चारताना कोणाचे घर डोळ्यांपुढे येते ते सांगायला नको. शिवाय येथे तो चुकीचाही आहे.

पेशीच्या या शिस्तशीर मरणाची मूळ संज्ञा ‘ॲपॉप्टोसिस’. केर, वायली आणि करी या तिघा विकृतिशास्त्रज्ञांनी १९७२ साली ती रूढ केली आणि ती सुचविल्याचे श्रेय स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांना दिले. ग्रीकमध्ये तिचा अर्थ पाकळ्या किंवा पाने गळून पडणे. यातील ‘अपो’ म्हणजे आपला ‘अप’, आणि ‘प्टोसिस’च्या मुळाशी असलेला धातू आपल्या ‘पत्’चा सख्खा भाऊ! त्याच ‘पत्’पासून पतन, पत्र आणि पत्रावरून आपले ‘पाते’. पापणी खाली ओघळण्याच्या विकारालाही डॉक्टर ‘टोसिस’ म्हणतात, आणि आपण डोळ्याचे पाते लवते म्हणतो. कपाशीची पातेगळ पाहून हळहळणारा शेतकरी नकळत हाच धातू उच्चारतो, असे माझे ठाम मत आहे. त्या तिघांनी दुसरा ‘प’ मूक ठेवावा असे सुचविले होते. ते मला मुळीच मान्य नाही, कारण ‘प’ गिळला की धातूच गिळला जातो.

पानगळीची ही उपमा केवळ शोभेची नाही. सागाची फांदी तोडून बांधावर टाकली, तर तिची पाने वाळून फांदीलाच चिकटून राहतात. गळत नाहीत, कारण गळण्यासाठी देठाशी जिवंत झाडाने काम करावे लागते. पेशीचेही तसेच आहे. इजेने मेलेली पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि सूज येते. गळणारी पेशी मात्र ऊर्जा खर्च करून, आक्रसत, आवरणात बांधलेल्या लहान पुडक्यांत विभागली जाते, आणि एरवी आवरणाच्या आतल्या बाजूस असणारा फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद बाहेरच्या बाजूस आणते. त्या खुणेवरून प्रतिकारसंस्थेच्या महाभक्षक पेशी, कधी शेजारच्या साध्या पेशीही, तिला ओळखून गिळतात आणि वर दाह शमविणारी द्रव्ये सोडतात. हे वेळेत झाले नाही, तर ती पेशीही अखेर फुटते. प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा ल्युपससारख्या विकारात या कामातील ढिलाई आढळते.

आता मूळ प्रश्न, जो जवळजवळ राहूनच गेला होता. ‘भक्षण’ नको, कारण जंतू गिळण्यालाही तोच शब्द आहे, आणि त्यात दाह वाढतो. ‘सफाई’ ग्रामपंचायतीकडे राहू द्यावी. या क्रियेचा इंग्रजीतील शब्द ‘एफेरोसायटोसिस’ ज्या लॅटिन क्रियापदावरून घडला, त्याचा एक अर्थ प्रेत अंत्यविधीसाठी बाहेर नेणे असा आहे. संस्कृतात नेमका याच अर्थाचा ‘निर्हरण’ शब्द तयार आहे. म्हणून पुस्तकात ‘पेशीनिर्हरण’ लिहावे, आणि वर्गात ‘पेशीची मयत उचलणे’ म्हटले तरी मुलांना लगेच कळेल.